गणवेश निवडण्याआधी घरात बसून बोला

तुमच्या घरात सोळा-सतरा वर्षांचं पोर असेल आणि ते सैन्यात जायचं म्हणत असेल, तर त्याचं मन मोडू नका. आणि लगेच बूट आणायलाही पळू नका. एक संध्याकाळ काढा. आई, बाप, पोरगा, शिकलेला मामा किंवा शाळेतले सर, असे चार जण बसा.

बोलायचं ते हे की कोणत्या दलात जायचं. भूदल, नौदल की वायुदल. आपल्याकडे ‘आर्मी’ म्हटलं की सगळं त्यातच आलं असं धरतात. गावातला एखादा फौजी सुट्टीवर येतो, पोरं त्याला बघतात आणि तसंच व्हायचं ठरवतात. त्यात वाईट काही नाही. पण आणखी दोन दारं आहेत हे त्यांना कळतं, तेव्हा ती बहुतेक वेळा बंद झालेली असतात.

नौदलाचं दार तर बहुतेकदा अकरावीच्या प्रवेशाच्या दिवशीच बंद होतं.

हे नीट समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. नौदलात खलाशी म्हणून जी मोठी भरती होते, तिला बारावीत गणित आणि भौतिकशास्त्र लागतं. भूदलाच्या तांत्रिक शाखेला बारावी विज्ञान, नाहीतर दहावीनंतर आयटीआय लागतं, तेही निम्म्याहून कमी गुण चालत नाहीत. वायुदलात कला आणि वाणिज्य शाखेच्या मुलांनाही जाता येतं. मात्र बारावीला एकूण ५० टक्के आणि इंग्रजीत वेगळे ५० टक्के हवेत. भूदलाच्या कारकुनी कामासाठी कोणतीही शाखा चालते, पण एकूण ६० टक्के लागतात.

आता तुमच्या पोराकडे बघा. गावाजवळच्या आश्रमशाळेत अकरावीला फक्त कला शाखा आहे म्हणून त्याला तिथे घातलं, तर नौदलाचं मोठं दार त्या दिवशी बंद झालं. हे त्याला दोन वर्षांनी, जाहिरात वाचताना कळेल. म्हणून दहावीला गणितात बरे गुण असतील तर थोडी ओढाताण सोसा. तळोदा, शहादा, नंदुरबार इथल्या शासकीय वसतिगृहासाठी अर्ज करा. नंदुरबारला आणि तळोद्याला आदिवासी विकासाचं प्रकल्प कार्यालय आहे, तिथे जाऊन विचारा. त्या चकरा वाया जात नाहीत.

गणित जमतच नाही? मग जबरदस्तीने विज्ञान घ्यायला लावू नका. नापास झालेल्या विज्ञानापेक्षा चांगल्या गुणांची कला शाखा बरी. भूदलाच्या जनरल ड्युटीला, म्हणजे साध्या शिपायाच्या जागेला, दहावी पुरते. एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३ गुण हवेत. आठवी झालेल्यालाही एक जागा आहे, पण ती मेसच्या आणि साफसफाईच्या कामाची. कामाला कमीपणा नाही. तरी पोरगा दहावी करू शकत असेल तर त्याला आठवीच्या जोरावर पाठवू नका. एक वर्ष थांबा.

आता तिन्ही दलांत रोजचं जगणं कसं असतं ते सांगतो. दुरून दिसतं ते वेगळं, आत गेल्यावर असतं ते वेगळं.

भूदलात माणूस जमिनीवर असतो. आज राजस्थानच्या वाळूत, उद्या काश्मीरच्या बर्फात. धोका खरा असतो. डोंगर चढायची सवय असलेल्या आपल्या पोरांना हे काम मानवतं. मोलगी आणि धडगावकडची मुलं पाठीवर ओझं घेऊन घाट चढतात, त्यांना प्रशिक्षणात दम लागत नाही. पण एक लक्षात ठेवा, अमुक रेजिमेंट हवी असा हट्ट चालत नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावला आहे, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं पुण्यात खडकीला, रणगाड्यांचं अहिल्यानगरला. पोराला कुठे टाकायचं ते भूदल ठरवतं. ‘मी त्याला घराजवळ टाकतो’ असं कुणी सांगितलं, तर त्या माणसापासून लांब राहा.

नौदलात जहाज असतं. महिनोन्‌महिने समुद्रावर राहावं लागतं. झोपायला अरुंद जागा, चारी बाजूंनी पाणी, फोन लागत नाही. ज्या आईला रोज रात्री पोराचा आवाज ऐकल्याशिवाय झोप येत नाही, तिने हे आधीच मनाशी धरावं. बदली साधारण मुंबई, कारवार, कोची, विशाखापट्टणम अशा ठिकाणी होते. पोहता येत नाही म्हणून घाबरू नका, ते प्रशिक्षणात शिकवतात. ते प्रशिक्षण ओडिशात चिल्का इथे होतं. सरदार सरोवराच्या फुगवट्याकाठी, मणिबेलीसारख्या गावांत, मुलं होडीतून ये-जा करत मोठी होतात. त्यांच्या घरात नौदलाचं नाव कुणी काढत नाही, याची मला फार खंत वाटते.

नौदलाची आणखी एक बाजू आपल्यासाठी मोलाची आहे. भूदलात साध्या शिपायाला आपल्या भागात साधारण १६८ सेंटिमीटर उंची लागते. आदिवासी उमेदवारांना त्यात सवलत असते, पण त्यासाठी जमातीचा दाखला हाताशी लागतो. नौदलात मुलांना १५७ सेंटिमीटर पुरते, वायुदलात १५२. सातपुड्यातली किती तरी काटक पोरं फक्त उंचीवर घरी परत आली. त्यांनी गणित घेतलं असतं, तर त्याच उंचीवर जहाजावर गेली असती.

वायुदलाबद्दल एक गैरसमज आहे. तिथे भरती झाला म्हणजे विमान चालवतो, असं नाही. विमान अधिकारी चालवतात. भरती झालेला मुलगा विमानाची देखभाल, रडार, दळणवळण, भांडार, कार्यालय अशी कामं करतो. राहणं बहुतेक विमानतळाच्या वसाहतीत. यंत्राची आवड असलेल्या, शांत डोक्याच्या, अभ्यासू मुलाला हे दल बरं. तिथली परीक्षाही अभ्यासू मुलांची असते. नुसतं धावून ती निघत नाही.

अधिकारी व्हायचं स्वप्नही घरात बोला. ते आपल्यासाठी नाही असं कुणी ठरवलं? बारावीनंतर खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत जाता येतं. वर्षातून दोनदा परीक्षा होते. भूदलासाठी बारावीची कोणतीही शाखा चालते, नौदल आणि वायुदलासाठी गणित-भौतिकशास्त्र लागतं. त्या परीक्षेची तयारी करून घ्यायला महाराष्ट्र सरकारने १९७७ साली छत्रपती संभाजीनगरला सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था काढली आहे. दहावीच्या वर्षात तिची प्रवेशपरीक्षा होते. मुलींसाठी अशीच संस्था नाशिकला आहे. हुशार पोर असेल तर नववीतच त्याच्या सरांना हे विचारा. दहावीचा निकाल लागेपर्यंत थांबलात तर उशीर होतो.

आता पैशाचं आणि मुदतीचं बोलू. हे ऐकताना आईबापांनी जवळ बसावं.

१४ जून २०२२ ला सरकारने अग्निपथ योजना जाहीर केली. तेव्हापासून तिन्ही दलांत साधे जवान, खलाशी आणि वायुसैनिक याच वाटेने घेतले जातात, त्यांना अग्निवीर म्हणतात. नोकरी चार वर्षांची. चार वर्षांनी त्यातल्या जास्तीत जास्त २५ टक्के मुलांना कायम घेतात. उरलेले घरी येतात. म्हणजे चार पोरं गेली, तर तीन परत येणार असंच धरून चाला. आपलं पोर त्या एकात असेल अशी आशा जरूर ठेवा. हिशोब मात्र तिघांमधला मांडा.

पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये ठरलेले आहेत. त्यातले ९,००० कापून सेवानिधीत जातात, हातात २१,००० येतात. पगार दर वर्षी वाढतो. चौथ्या वर्षी तो ४०,००० होतो, हातात २८,००० पडतात. पोराचे जेवढे कापले तेवढेच सरकार घालतं. चार वर्षांनी व्याजासह ११ लाख ७१ हजारांच्या आसपास रक्कम एकदम मिळते. तिच्यावर प्राप्तिकर नाही. पण पेन्शन नाही आणि ग्रॅच्युइटीही नाही. नोकरीत असेपर्यंत ४८ लाखांचा विमा असतो.

गावात अजूनही लोक म्हणतात, ‘फौजीला जन्मभर पेन्शन.’ ते जुन्या फौजींबद्दल खरं होतं. तुमच्या पोराबद्दल ते खरं धरू नका, त्यावर कर्ज काढू नका आणि त्यावर सोयरीकही ठरवू नका.

सोयरिकीचं निघालंच आहे तर तेही स्पष्ट सांगतो. भरतीला मुलगा अविवाहित लागतो. चार वर्षांच्या काळातही लग्न करता येत नाही. मुलाचं लग्न एकविसाव्या वर्षाआधी करणं कायद्यानेही गुन्हा आहे. तरी आपल्याकडे सतराव्या-अठराव्या वर्षी पोरं एकत्र राहायला लागतात, घरचे मान्य करतात आणि नंतर रीत होते. भरती व्हायची असेल तर हे थांबवा. पोराशी मोकळेपणाने बोला. आवडती मुलगी असेल तर दोन्ही घरांनी बसून ठरवावं, की चार वर्षं थांबू. एका घाईने पोराची नोकरी जाते आणि पोरीचंही शिक्षण सुटतं.

दल निवडताना मनात ठेवायचा प्रश्न असा की चार वर्षांनी परत आल्यावर पोरगा काय करेल? तेव्हा तो बावीस-तेवीस वर्षांचा असेल. नौदलात इंजिनावर किंवा विजेच्या कामावर राहिला असेल तर त्या हुनराला बाहेर मागणी आहे. वायुदलात यंत्र शिकला असेल तरी तसंच. भूदलातही तांत्रिक शाखा आहेत. आयटीआय केलेल्या मुलाला तांत्रिक भरतीत जादा गुण मिळतात. म्हणून दहावीनंतर कॉलेज झेपत नसेल तर आयटीआय हा चांगला रस्ता आहे. पोरगा हुनर शिकतो, भरतीत त्याचा उपयोग होतो आणि भरती नाही झाली तरी हात रिकामे राहत नाहीत. शाळा-कॉलेजात एनसीसी असेल तर नाव घालायला लावा. तिच्या प्रमाणपत्रालाही जादा गुण आहेत.

दहावीवर गेलेल्या मुलाला नोकरीत असताना बारावीचं प्रमाणपत्र मिळवायची सोय ठेवली आहे. ती त्याने सोडू नये. परतल्यावर पोलीस भरतीला बारावीच लागते. अग्निवीरांसाठी केंद्राच्या सशस्त्र पोलीस दलांत १० टक्के जागा राखायचंही सरकारने २०२२ मध्येच जाहीर केलं आहे.

सेवानिधीच्या रकमेचंही आजच ठरवा. अकरा लाख घरात आले की घर बांधा, गाडी घ्या, बहिणीचं लग्न मोठं करा, असे सगळे बोलू लागतात. तो पैसा पोराच्या पुढच्या आयुष्याचा आहे. निम्मा तरी त्याच्याच नावावर बँकेत राहू द्या.

आता कागदपत्रं. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात धावण्यात जितकी पोरं पडतात, तितकीच कागदात पडतात.

आपल्याकडे किती तरी मुलांची जन्मतारीख १ जून आहे. बाळ घरी जन्मलं, नोंद झाली नाही, शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लिहिलं. आधार कार्डावर दुसरीच तारीख पडली. नावाचंही तसंच. दाखल्यावर वसावे, आधारवर वसावा. कुठे वडिलांचं नाव आधी, कुठे आडनाव आधी. भरतीच्या टेबलावर बसलेला माणूस हे समजून घेत नाही, तो फक्त जुळतंय का ते बघतो. म्हणून दहावीचं गुणपत्रक हाती आलं की त्यावर जसं नाव आणि तारीख आहे तसंच आधार, बँक खातं आणि जातीचा दाखला करून घ्या. मोबाइल नंबर आधारला जोडा आणि तो नंबर बदलू नका. अधिवास, जात आणि चारित्र्याचा दाखला महसूल आणि पोलीस कार्यालयातून वेळेत काढा. हे काम उन्हाळ्यात उरका. भरती निघाल्यावर सेतू केंद्रात रांग लागते आणि तारीख निघून जाते.

वय बघा. अग्निवीर भरतीत साधारण साडेसतरा ते एकवीस वर्षांची मर्यादा असते. जाहिरातीत जन्मतारखा दिलेल्या असतात, त्याच खऱ्या. पोरगा अठराच्या आतला असेल तर अर्जावर आईबापांची सही लागते. न वाचता सही करू नका. वाचता येत नसेल तर सरांकडून वाचून घ्या.

आणखी एक गोष्ट आदिवासी कुटुंबांनी नीट ऐकावी. तिन्ही सैन्यदलांच्या भरतीत जातीचं आरक्षण नाही. जमातीचा दाखला तिथे सवलतीपुरता. ‘आपली जागा राखीव आहे, आरामात होईल’ असं समजून पोराने सराव सैल सोडू नये. पोलीस आणि निमलष्करी दलात मात्र राखीव जागा आहेत. त्याचं पुढे सांगतो.

आपले लोक सैनिक होऊ शकतात का, असं विचारणारे दोनशे वर्षांपूर्वीही होते. १८२५ साली इंग्रजांच्या जेम्स औट्रमने खानदेशात भिल्ल पलटण उभी केली. धरणगाव हे तिचं ठाणं. सुरुवातीला सरकारी लोकांचाही विश्वास नव्हता. थोड्या वर्षांत तीच पलटण खजिन्यांची राखण करू लागली. हेही खरं की इंग्रजांनी तिचा उपयोग आपल्याच डोंगरातल्या लोकांना दाबायला केला. आज आपलं पोर स्वतःच्या देशाच्या सैन्यात जातं, स्वतःच्या मर्जीने जातं. म्हणून ते विचार करून जायला हवं.

शरीराकडे या. सगळ्यात आधी सिकलसेल. आपल्या जिल्ह्यात हा आजार खूप आहे. किती तरी तरुणांना आपण वाहक आहोत हे माहीतच नसतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या, तिथे पैसे लागत नाहीत. आजार असलेल्या मुलाने डॉक्टरांना न विचारता लांब धावण्याचा सराव करू नये, जीवावर बेतू शकतं. वाहक मुलानेही डॉक्टरांशी बोलावं, उन्हात एकदम जोर करू नये आणि पाणी भरपूर प्यावं. ही तपासणी टाळू नका. भरतीत नाही झालं तर दुसरी नोकरी बघता येते.

डोळे, कान, दातही दाखवून घ्या. रंग ओळखता येतात का ते डॉक्टर पुस्तकातून तपासतात. तळपाय सपाट आहेत का, गुडघे एकमेकांना लागतात का, तेही बघतात. हे सगळं ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात आधी कळलं तर वर्ष वाचतं. कधी कानात मळ असतो म्हणूनही पोरगा थांबवला जातो, आणि तो तर दहा मिनिटांत निघतो.

गोंदणाचं लक्षात ठेवा. हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि तळहाताच्या मागच्या बाजूला गोंदलेलं चालतं. इतर ठिकाणचं चालत नाही. परंपरेने गोंदवणाऱ्या जमातींना सूट आहे, पण तसा दाखला काढावा लागतो. म्हणून भरतीला जायचं असलेल्या मुलाने यात्रेत दंडावर किंवा छातीवर नाव गोंदवून घेऊ नये.

धावायचं किती? भूदलात १६०० मीटर साडेपाच मिनिटांत धावलं की पूर्ण ६० गुण. दहा पुलअप्स काढल्या की ४० गुण. नऊ फुटांचा खड्डा उडी मारून ओलांडायचा आणि तोल सांभाळत चालायचं. डोंगरातल्या मुलांना दम असतो, पण सपाटीवरचा वेग कमी पडतो. म्हणून आठवड्यातून दोन-तीन दिवस सपाट मैदानावर घड्याळ लावून धावा. निदान सहा महिने आधी सुरुवात करा. एप्रिल-मे मध्ये नंदुरबारच्या उन्हात सकाळी आठनंतर पळू नका.

घरच्यांचं काम जेवणाचं. महागडे डबे आणू नका. ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळ, चवळी, शेंगदाणे, गूळ, अंडं, जमेल तेव्हा मासे. हे पुरतं. सरावाच्या मैदानावर कुणी ‘ताकदीचं इंजेक्शन’ देत असेल तर ते घेऊ देऊ नका. त्याने मूत्रपिंड आणि हृदय बिघडतं. तंबाखू, गुटखा आणि दारू आजच सोडायला सांगा, आणि बापानेही पोरासमोर जरा सांभाळावं.

ज्या घरांना दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला जावं लागतं, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. त्या एका वर्षी पोराला सोबत नेऊ नका. आजीकडे, वसतिगृहात, नातेवाइकाकडे ठेवा. सहा महिने सराव आणि अभ्यास तुटला की पुन्हा सुरुवातीपासून करावं लागतं. एका कोयत्याची मजुरी जाईल, मला कळतं. तरी एवढं करा.

आणि अभ्यास. आता आधी लेखी परीक्षा होते, संगणकावर. पास झालेल्यालाच धावायला बोलावतात. वर्षभर पहाटे उठून पळालेली पोरं लेखीतच गळतात आणि मैदान बघतही नाहीत. २०२५ पासून भूदलाची ही परीक्षा मराठीतूनही देता येते. गणित, विज्ञान, सामान्य ज्ञान आणि बुद्धिमत्ता, रोज दोन तास द्या. चुकीच्या उत्तराला गुण कापतात, म्हणून ठोकून देऊ नका. संगणकाला हात लावलेला नसेल तर परीक्षेआधी शाळेत किंवा सेंटरवर चार दिवस बसून सराव करा. हिंदी बोलायचीही सवय करा. भिलोरी, पावरी, मावची, अहिराणी घरात बोला, अभिमानाने बोला. पण पलटणीत हुकूम हिंदीत येतात.

आता ज्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ते. दलाल.

भरतीचा माणूस म्हणून कुणीतरी गावात येतो. गाडी असते, फौजी टोपी असते, साहेबांसोबतचा फोटो असतो. तीन लाख द्या, पाच लाख द्या, अर्धे आता आणि अर्धे नंतर. दहा मुलांकडून घेतो. त्यातली दोन स्वतःच्या मेहनतीने लागतात आणि हा सांगतो, मीच लावली. उरलेल्यांचे पैसे बुडतात. कुणाची बैलजोडी गेलेली असते, कुणाच्या आईची चांदी.

भूदलाच्या अर्जाला २५० रुपये लागतात. नौदल आणि वायुदलाच्या परीक्षेला त्याहून जास्त. याच्यापुढे एक रुपयाही लागत नाही. मूळ गुणपत्रक कुणाच्याही ताब्यात देऊ नका, अकॅडमीवाल्याच्याही नाही. अकॅडमी लावायचीच असेल तर आधी तिथून लागलेल्या दोन-तीन मुलांच्या घरी जाऊन विचारा. कुणी पैसे मागितले तर पोलीस ठाण्यात सांगा, आणि गावातल्या बाकीच्या घरांनाही सांगा.

मुलींच्या आईबापांनो, हे सगळं तुमच्यासाठीही आहे. भूदलात मुलींना लष्करी पोलिसांत दहावीवर जाता येतं. त्यांचं प्रशिक्षण बंगळुरूला होतं, पहिली तुकडी २०२१ मध्ये बाहेर पडली. उंची १६२ सेंटिमीटर लागते. नौदलातही मुलींना जाता येतं. २८ मार्च २०२३ ला चिल्क्याहून अग्निवीरांची पहिली तुकडी बाहेर पडली, तिच्यात २७३ मुली होत्या. वायुदलही मुलींना घेतं. पाण्यासाठी रोज डोंगर उतरून चढणारी आपली मुलगी यात कमी पडेल असं मला वाटत नाही. तिचं लग्न अठराव्या वर्षी उरकायच्या गडबडीत ही संधी घालवू नका.

आणि सैन्यात नाहीच झालं तर? उंची कमी पडली, वय निघून गेलं किंवा चार वर्षांची नोकरी घराला परवडणारी नाही. मग सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव दल, औद्योगिक सुरक्षा दल यांची भरती बघा. ती दहावीवर असते, परीक्षा मराठीतही देता येते आणि नोकरी साठाव्या वर्षापर्यंतची. वय १८ ते २३, अनुसूचित जमातीला आणखी पाच वर्षं. जमातीच्या मुलांना उंची १६२.५ सेंटिमीटर चालते, मुलींना १५०. मुलांना पाच किलोमीटर २४ मिनिटांत धावावं लागतं. इथे राखीव जागा असतात. ज्या घरात कमावणारा एकच आहे, लहान भावंडं आहेत आणि जमीन कोरडवाहू आहे, त्यांनी मला विचारलं तर मी ही भरती आधी सांगेन, चार वर्षांची नंतर.

महाराष्ट्र पोलीस दलाची भरतीही तशीच बघा. बारावी पास, मुलांना १६५ आणि मुलींना १५५ सेंटिमीटर उंची. राज्य राखीव पोलिसांचा एक गट धुळ्याला आहे. पोलीस भरतीला जमातीच्या दाखल्याबरोबर जातवैधता लागते, आणि ती निघायला वेळ जातो. अकरावीतच अर्ज करून ठेवा. पोराने एकाच वर्षात तिन्ही भरत्यांचे अर्ज भरले तरी काही बिघडत नाही. सराव बहुतेक तोच, पुस्तकंही बहुतेक तीच.

भूदलाच्या भरतीसाठी नंदुरबार जिल्हा मुंबईच्या सैन्यभरती कार्यालयाकडे येतो. त्यामुळे मैदान लांब असू शकतं. आदल्या दिवशी पोहोचा. पोराला एकटं पाठवू नका, गावातली दोन-तीन मुलं मिळून पाठवा. मूळ कागद एका पिशवीत आणि झेरॉक्स दुसऱ्या पिशवीत द्या. रात्री नीट जेवू द्या, बाहेरचं तळलेलं नको. वैद्यकीय तपासणीत अपात्र ठरवलं तर तिथूनच परत फिरू नका. लष्करी रुग्णालयात फेरतपासणी मागता येते. तिची तारीख आणि पत्ता तिथल्या माणसाकडून कागदावर लिहून घ्या.

जाहिरात कधी निघते ते कळण्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आणि प्रकल्प कार्यालयात दर महिन्याला एक फेरी मारा. भरतीपूर्व प्रशिक्षणाच्या सरकारी सोयी आहेत का, तेही तिथेच विचारा. तालुक्याच्या बाजाराला जाणारच असता, त्याच दिवशी ती फेरी होऊ शकते.

यंदा तुमचं पोर दहावीत असेल, तर पहिलं काम त्याच्या गणिताच्या सरांना भेटायचं.